सोलापूर शोधलं, सोलापूर सापडेना: मराठी साइटच्या सर्चला चाळणी कशी बसवायची

सोलापुरातल्या चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानाची साइट सुरू होऊन चारच दिवस झाले होते. मालकांचा फोन आला. "ओ सर, आपल्या साइटवर सगळं सापडतंय, सोलापूरच सापडंना की हो." मला वाटलं गंमत करताहेत. उघडून बघितलं. सर्चच्या चौकटीत 'सोलापूर' टाकलं, उत्तर आलं: एकही वस्तू नाही. आणि त्याच पानावर खाली, नवीन आलेल्या मालात, 'साेलापूर जेकार्ड चादर' ठळक अक्षरांत हसत होती.

डोळ्यांना दोन्ही सोलापूर एकच. कॉम्प्युटरला मात्र पहिल्यात सात चिन्हं दिसतात आणि दुसऱ्यात आठ. पहिल्यात 'स'ला 'ो' ही एकच मात्रा लागली आहे. दुसऱ्यात आधी काना आणि त्यावर वेगळी एक मात्रा, अशी दोन चिन्हं शेजारी बसून 'ो'चं सोंग करताहेत. मालाची यादी जुन्या डीटीपीच्या फाइलमधून युनिकोडमध्ये कन्व्हर्ट होऊन आली होती, आणि तसल्या फॉन्टमध्ये काना आणि मात्रा सुटेच असायचे. कन्व्हर्टरनं ते तसेच उचलून आणले.

त्या फोननंतर जे जे दुरुस्त केलं ते इथे क्रमानं लिहितोय. तुमची साइट पीएचपीत असो, जावास्क्रिप्टमध्ये असो की पायथनमध्ये, काम तेच. थोडंफार कोड लिहिता येतं आणि मराठी सर्च पहिल्यांदाच करताय, असं धरून चाललोय.

पायरी १: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, चिन्हं मोजा

सर्वांत आधी एक छोटं अवजार करून ठेवा. कुठलाही शब्द दिला की त्यातलं एकेक चिन्ह आणि त्याचा युनिकोड क्रमांक छापणारं. जावास्क्रिप्टमध्ये शब्दाची ॲरे करून प्रत्येकाचा कोडपॉइंट छापायचा, पायथनमध्ये 'युनिकोडडेटा' मॉड्यूल चिन्हाचं नावही सांगतं. दहा ओळींचं काम आहे. हे नसेल तर पुढचं सगळं अंधारात चालतं, कारण मराठीत एकसारखे दिसणारे पण वेगळे असणारे शब्द ढिगानं आहेत.

देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा ०९०० ते ०९७एफ (हे क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, लिहितात). त्यात १२८ जागा आहेत. स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त, आकडे सगळं तिथे. ल आणि श यांचं मराठी वळण आणि हिंदी वळण वेगळं दिसतं, पण तो फॉन्टचा मामला. क्रमांक एकच, त्यामुळे त्याची चिंता नको.

पायरी २: मूळ नावाला हात लावायचा नाही

माझी पहिली चूक इथेच झाली. यादीतलीच नावं 'साफ' करून पुन्हा साठवली. मालकांना बिलावर वेगळंच शुद्धलेखन दिसायला लागलं, आणि दोन दिवस मला त्यांचा फोन उचलायची भीती वाटत होती.

वस्तूचं नाव जसं आहे तसं राहू द्या. शेजारी एक नवा कॉलम करा, त्याला 'शोधरूप' म्हणा. मूळ नाव चाळणीतून काढून जे निघेल ते तिथे ठेवायचं. गिऱ्हाईक सर्चमध्ये जे लिहील तेही त्याच चाळणीतून काढायचं, आणि मग दोन शोधरूपं एकमेकांना भिडवायची. चाळणी म्हणजे एक फंक्शन, एकाच फाइलमध्ये, दोन्हीकडून तेच बोलावलेलं. एका बाजूला एक नियम वाढवला आणि दुसरीकडे विसरलात, की सर्च सुरू असूनही आंधळा होतो. चाळणी बदलली की सगळ्या वस्तूंची शोधरूपं नव्यानं तयार करायची, हेही लक्षात ठेवा.

शोधरूप शुद्ध असायची गरज नाही. ते वाचण्यासाठी नसतंच. त्यात 'सोलापुरी'चं 'सोलापुरि' झालं तरी चालतं, फक्त दोन्हीकडे तेच व्हायला हवं. गिऱ्हाइकाला मात्र ते कधी दाखवू नका. त्यानं लिहिलेलं त्याला तसंच परत दिसलं पाहिजे.

पायरी ३: एनएफसी करा, पण इंग्रजीवाल्यांचा नुस्खा उचलू नका

युनिकोडमध्ये एकच अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं अशा ठरावीक जोड्या आहेत, आणि त्यांना एका साच्यात आणायची प्रमाण पद्धत आहे. तिचं नाव एनएफसी. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगवरच 'नॉर्मलाइझ' असतं, पीएचपीत 'इंटल' एक्स्टेंशनमधला 'नॉर्मलायझर', पायथनमध्ये तेच युनिकोडडेटा. उदाहरणार्थ 'ऱ' हे एक चिन्ह असू शकतं किंवा 'र' अधिक नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब; एनएफसीनंतर दोन्हींचा 'ऱ' होतो. हिंदी कीबोर्डवरून आलेल्या 'ज़री'चंही तसंच, फक्त तिथे उलटं घडतं: जोडचिन्हाचे 'ज' आणि नुक्ता असे दोन तुकडे होतात. मग एनएफसीनंतर उरलेले सुटे नुक्ते काढून टाकले की 'ज़री'ची 'जरी' होते आणि 'ऱ' शाबूत राहतो. हा क्रम उलटा केला तर 'ऱ'ही जातो.

आता धोका. इंटरनेटवर "सर्चसाठी ॲक्सेंट कसे काढावेत" शोधलं की एक प्रसिद्ध नुस्खा मिळतो: एनएफडी करा, म्हणजे अक्षरं आणि खुणा सुट्या होतील, मग 'एमएन' वर्गातल्या सगळ्या खुणा उडवा (युनिकोड प्रत्येक चिन्हाला एक वर्ग देतं, 'एमएन' हा जागा न घेणाऱ्या खुणांचा). फ्रेंच-स्पॅनिशसाठी हे झकास आहे. मराठीवर केलं की काय होतं बघा:

सोलापूर → सोलापर
शेंगा → शगा
नॅपकिन → नपकिन
कुर्ता → करता

शेवटचं बघून मी खुर्चीतून उठलो. आपल्या निम्म्या मात्रा त्या वर्गात आहेत: उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार, हलन्त. काना, दोन्ही वेलांट्या आणि 'ो' मात्र वेगळ्या वर्गात, 'एमसी'त. त्यामुळे सगळं साफही होत नाही, निम्मं उडतं आणि निम्मं राहतं, आणि चूक लगेच लक्षातही येत नाही. 'चादर' टाकून तपासलं तर सगळं बरोबरच दिसतं, कारण 'चादर'मध्ये फक्त काना आहे. तपासायला नेहमी उकार-अनुस्वारवाला शब्द घ्या.

याचंच भावंड म्हणजे "अक्षरं आणि आकडे सोडून सगळं काढा" हा रेगेक्स. इंग्रजी साइटवरून उचललेला 'डब्ल्यू' वर्ग जावास्क्रिप्टमध्ये फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर ओळखतो, त्याच्यासाठी अख्खी मराठी कचरा आहे. मग कुणीतरी सुचवतं, युनिकोडचा 'एल' वर्ग वापरा. तो अक्षरं ओळखतो, पण मात्रा अक्षरं नव्हेत. 'एल' नसलेल्या जागी स्पेस टाकली तर 'चादर'चं 'च दर' होतं आणि 'सोलापुरी'चं 'स ल प र'. म्हणून ठेवायचे वर्ग तीन: एल, एम आणि एन, म्हणजे अक्षरं, खुणा, आकडे. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी रेगेक्सला 'यू' फ्लॅग लावावा लागतो, पीएचपीतही. आणखी एक: शब्दाची हद्द दाखवणारा 'बी' जावास्क्रिप्टमध्ये त्या 'डब्ल्यू'वरच बेतलेला आहे, तेव्हा मराठी शब्दांच्या हद्दी त्याला कळत नाहीत. स्पेसवर तोडून शब्द वेगळे करा, सोपं पडतं.

पायरी ४: न दिसणारी चिन्हं, आणि दर्यातली दऱ्या

व्हॉट्सअॅपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या मजकुरात न दिसणारी चिन्हं येतात. नेहमीची चार: २००बी, २००सी, २००डी आणि एफईएफएफ. शिवाय साध्या स्पेससारखी दिसणारी पण वेगळी असणारी ००ए०. शेवटच्या चिन्हाची साधी स्पेस करा, बाकीची काढून टाका.

पण थांबा, २००डी आधी नीट बघा. हा 'झेडडब्ल्यूजे', जोडणारा. मराठीत 'र'चं ते आडवं अर्धं रूप दोन प्रकारे लिहिलं जातं. काही कीबोर्ड 'ऱ' अधिक हलन्त देतात, काही 'र' अधिक हलन्त अधिक हा जोडणारा. 'कोऱ्या' आणि 'कोर्‍या' दिसायला सारखेच. जोडणारा आंधळेपणानं काढला की दुसऱ्याचं 'कोर्या' होतं, रफार डोक्यावर जाऊन बसतो. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातून थेट समुद्रात. तेव्हा आधी 'र, हलन्त, जोडणारा' या तिकडीचं 'ऱ, हलन्त' करा आणि मगच उरलेले जोडणारे काढा.

'ॲ'चंही तसंच त्रांगडं. 'ॲ' हे एकच चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या आणि नंतरच्याही मजकुरात लोक 'अ' वर चंद्र देतात, काहीजण मध्ये जोडणारा घालतात, काहीजण हिंदीचा 'ऍ' वापरतात. ॲक्रिलिक, अॅक्रिलिक, अ‍ॅक्रिलिक, ऍक्रिलिक: ब्लँकेट एकच, लिहायच्या तऱ्हा चार. एनएफसी यांना एक करत नाही. सगळ्यांचं 'ॲ' करणारा नियम हातानंच लिहावा लागतो.

पायरी ५: सुट्या मात्रा सांधा

आता मूळ दुखणं. हा छोटा तक्ता चाळणीत घाला:

काना + एक मात्रा → ो
काना + दोन मात्रा → ौ
काना + चंद्र → ॉ
अ + काना → आ
अ + ो → ओ

मात्रा आधी आणि काना नंतर असाही उलटा क्रम सापडतो, तोही धरा. 'टाॅवेल' आणि 'टॉवेल' इथेच एक होतात. त्या दुकानाच्या यादीत टॉवेल इतके होते की ही एक ओळ टाकल्यावर मालकांना वाटलं मी रात्रीतून माल वाढवला.

पायरी ६: काय गाळायचं, काय गाळायचं नाही

बहुतेक मार्गदर्शक सांगतात की विरामचिन्हं काढून टाका. साधारणपणे बरोबर आहे. दंड, स्वल्पविराम, अवतरणं, 'रु.'मधला टिंब, इमोजी, यांच्या जागी स्पेस घाला. स्पेसच, नुसतं काढून टाकू नका, नाहीतर 'चादर,टॉवेल'चा एकच शब्द होतो.

पण कापडाच्या धंद्यात चिन्हांना अर्थ असतो. एकेरी चादरीचं माप ६०×९० इंच. लोक ते कसं लिहितात? गुणाकाराचं चिन्ह, रोमन एक्स, फुली म्हणून तारा, 'बाय', आणि बोलून टाइप करणारे 'साठ बाय नव्वद'. सरसकट चिन्हं काढली तर '६०९०' उरतं, जे कशालाच जुळत नाही. सुताचंही तसंच. २/२० काउंट म्हणजे वीस काउंटचे दोन धागे पिळून केलेलं सूत. तिरपी रेघ उडवली की '२२०' होतं, आणि ते वेगळंच काहीतरी आहे. माझा नियम असा: दोन आकड्यांच्या मध्ये आलेलं चिन्ह राखायचं, अन्यत्र गाळायचं. दोन आकड्यांमधल्या एक्स, तारा, ×, 'बाय' या सगळ्यांचं एकच चिन्ह करायचं, आजूबाजूच्या स्पेस खाऊन. 'बाय' फक्त आकड्यांमध्येच बघा बरं, नाहीतर 'बायकांचे रुमाल' फुटतील.

आकडे मराठी की इंग्रजी, यावर भांडत बसू नका. ० ते ९ हे मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे, दोन्हींचं शोधरूपात एकच करायचं. एनएफसी किंवा तिची मोठी बहीण एनएफकेसी हे करून देत नाही. ० चा क्रमांक ०९६६, तिथून पुढे सलग आहेत, तेव्हा वजाबाकीनं काम होतं. 'साठ', 'नव्वद' असे अक्षरी आकडे मी फक्त धंद्यात लागणाऱ्या मापांपुरतेच घेतले. शंभरपर्यंतचे सगळे घ्यायला गेलो तर 'सात' आणि 'साठ' यांच्यातल्या टायपिंगच्या चुका निस्तरत बसावं लागलं असतं.

रोमन अक्षरं असतील तर ती लहान लिपीत आणा. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, एवढं एक सुख.

पायरी ७: दोन चाळण्या ठेवा, एक बारीक आणि एक सैल

इथवरची चाळणी फक्त एकसारखं दिसणारं एकत्र आणते. हिच्याबद्दल वाद नाही, ही प्रत्येक मराठी साइटला लागतेच. पुढची चाळणी वेगळं दिसणारंही एकत्र आणते, आणि इथे तुम्हाला तुमचा माल माहीत असायला हवा.

नियमानं गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ: सोलापूर. पण 'सोलापुरी', 'सोलापुरात' यात ऱ्हस्व. हे शाळेत सगळ्यांना शिकवलेलं असतं आणि फोनवर टाइप करताना कुणाच्याही लक्षात राहत नाही. हिंदी भाषक गिऱ्हाईक 'सोलापुर'च लिहितं. म्हणून सैल चाळणीत दीर्घ वेलांटीची ऱ्हस्व, दीर्घ उकाराचा ऱ्हस्व, 'ई'चा 'इ', 'ऊ'चा 'उ'. 'ऱ'चा 'र'. चंद्रबिंदूचा अनुस्वार.

यात काही शब्द एकमेकांवर आदळतात. 'दीन' आणि 'दिन', 'सूत' आणि 'सुत'. सुताच्या दुकानात कुणी 'सुत' म्हणजे मुलगा शोधायला येत नाही, तेव्हा बिनधास्त. पण हीच साइट शब्दकोशाची किंवा पुस्तकांची असती तर मी असं केलं नसतं. म्हणूनच दोन शोधरूपं दोन कॉलममध्ये ठेवा. बारीक चाळणीवर जुळलेल्या वस्तू वर दाखवा, फक्त सैलवर जुळलेल्या त्याखाली.

अनुस्वार पूर्ण काढायचा का? मी शब्दाच्या शेवटचा तेवढा काढतो. मधला काढला की 'रंग'चा 'रग' होतो, आणि रग हेही पांघरूणच.

पायरी ८: प्रत्यय आणि फालतू शब्द, हात आखडून

गिऱ्हाईक 'चादर' लिहीत नाही. 'चादरीची किंमत', 'चादरींचे भाव', 'लग्नासाठी टॉवेल' असं लिहितं. सैल चाळणीत शब्दाच्या शेवटचे 'साठी', 'मध्ये', 'च्या', 'चा', 'ची', 'चे', 'ला' हे प्रत्यय काढले, मग अनुस्वार, मग शेवटची वेलांटी किंवा काना काढला, की 'चादरींचा' आणि 'चादरीची' दोन्ही 'चादर'वर येतात. 'गोधड्या'साठी शेवटचं 'ड्या' मधलं 'या' हलन्तासकट काढायचं, म्हणजे तेही 'गोधडी'शी जुळतं.

मग गालिचा आला. 'चा' काढलं, उरलं 'गालि', तेही पुढे 'गाल'. गालिच्यांचा विभाग चेहऱ्याच्या क्रीमच्या साइटसारखा वागायला लागला. 'त' प्रत्ययही घेतला होता, 'सोलापुरात' वगैरेंसाठी. त्यानं 'सूत'चं 'सू' करून ठेवलं. शिकलो ते असं: एकाक्षरी 'त', 'स', 'ने' प्रत्ययांच्या नादी लागू नका, प्रत्यय काढून किमान तीन चिन्हं उरली तरच काढा, आणि अपवादांची यादी ठेवा. यादीतलं पहिलं नाव 'गालिचा'. 'काठ' आणि 'काठी' या चाळणीत एक होतात, पण या दुकानात काठ्या विकत नाहीत. सोलापुरात काठ्या म्हटल्या की सिद्धेश्वराच्या यात्रेतले सात नंदीध्वज, आणि ते ऑनलाइन मिळत नाहीत.

फालतू शब्दांची, म्हणजे स्टॉपवर्डची, तयार मराठी यादी मिळते. 'आणि', 'पण', 'आहे', 'जर', 'तरी', 'जरी'. एकदा ती वाचून बघा. कापड दुकानाच्या साइटवर 'जरी' गाळली तर जरीकाठी मालाचं काय होणार? 'जर' म्हणजेही जरीचा धागा. अशी यादी दुसऱ्याच्या धंद्यासाठी केलेली असते. मी स्वतःची केली: 'हवी', 'पाहिजे', 'दाखवा', 'किंमत', 'भाव', 'मिळेल', 'का' वगैरे. आणि एक अट: सगळे शब्द गाळून काहीच उरत नसेल, तर मूळ शब्द परत घ्यायचे. रिकामा शोध कधी डेटाबेसपर्यंत पोहोचू द्यायचा नाही, नाहीतर कुठे सगळाच माल दिसतो, कुठे काहीच नाही.

पायरी ९: एका वस्तूची अनेक नावं

सोलापूरची चादर पांघरायची असते, जाडजूड, जेकार्डच्या नक्षीची. तिला आणि इथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. पण बाहेरच्या बऱ्याच जणांच्या डोक्यात चादर म्हणजे अंथरायचा पलंगपोस. ते इथल्या चादरीला 'ब्लँकेट' म्हणून शोधतात. हा गोंधळ चाळणीनं सुटत नाही, त्याला समानार्थी शब्दांची वही लागते. जेकार्ड, जॅकार्ड, जकार्ड. इरकल, इल्कल, इळकल. टॉवेल, टॉवल, टावेल. 'रजई'चं 'रजया'ही इथेच, कारण प्रत्ययांच्या नियमात ते बसत नाही. ही वही मालकांच्या पोरांकडून भरून घ्या, काउंटरवर गिऱ्हाईक काय बोलतं ते त्यांना माहीत असतं. वहीतले शब्दही चाळणीतून काढूनच साठवा.

रोमन लिपीत मराठी लिहिणारेही खूप. 'चादर'मध्ये एक डी की दोन, शेवटी ए-आर की ई-आर, यावर एकमत होणं अशक्य. सरसकट लिप्यंतराच्या मागे लागू नका. नेहमीचे तीस-चाळीस शब्द त्यांच्या रोमन रूपांसह वहीत टाका, पुरतं.

सोलापुरात आणखी एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, शहरभर कन्नड. काहीजण फोनवर त्याच लिपीत शोधतात. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांचे पट्टे एकमेकांच्या समांतर मांडलेले आहेत: देवनागरी 'क' ०९१५ वर, तेलुगू ०सी१५ वर, कन्नड ०सी९५ वर. तेलुगू अक्षराच्या क्रमांकातून दशमानातले ७६८ वजा केले, कन्नडच्या ८९६, की ढोबळ देवनागरी मिळते. ऱ्हस्व ए-ओ आपल्याकडे नाहीत, ते नेहमीच्या मात्रांवर आणावे लागतात. मग तेलुगूतली 'दुप्पटी' देवनागरीत येते आणि वहीत 'दुप्पटी म्हणजे चादर' एवढी ओळ पुरते.

पायरी १०: डेटाबेसची स्वतःची चाळणी

तुमची चाळणी उत्तम असली तरी पुढे डेटाबेस त्याची वेगळी लावतो. हे नवख्यांना कुणी सांगत नाही.

एस्क्यूलाइटचं एफटीएस५, म्हणजे त्यातलं मजकूर शोधायचं अवजार, घेतलंत तर त्याचा नेहमीचा 'युनिकोड६१' टोकनायझर (मजकुराचे शब्द तोडणारा भाग) अक्षरं आणि आकडे एवढ्यांनाच शब्दाचा भाग मानतो. मात्रा म्हणजे त्याला शब्द तोडायची जागा. 'सूत'चे तुकडे 'स' आणि 'त', 'सात'चेही तेच. म्हणून सूत शोधलं की सात नगांचे संच दिसतात. टेबल तयार करतानाच 'कॅटेगरीज' या पर्यायात एमएन आणि एमसी हे दोन वर्ग वाढवून द्या; मापातली तिरपी रेघ हवी असेल तर 'टोकनकॅर्स'मध्ये तीही.

मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीची फुलटेक्स्ट अनुक्रमणिका मूळ सेटिंगमध्ये तीनपेक्षा कमी चिन्हांचे शब्द घेतच नाही. 'खण' म्हणजे दोन चिन्हं. खणाच्या साड्या विकणाऱ्याचा अख्खा धंदा गायब. 'इनोडीबी_एफटी_मिन_टोकन_साइझ' कमी करा, सर्व्हर पुन्हा सुरू करा, अनुक्रमणिका नव्यानं बांधा.

इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रात हिंदीचा तयार ॲनालायझर, म्हणजे त्याची स्वतःची चाळणी, आहे, मराठीचा नाही. हिंदीचा जसाच्या तसा लावू नका, त्याचा प्रत्यय काढणारा भाग हिंदीचे प्रत्यय काढतो. त्यातले 'इंडिक_नॉर्मलायझेशन' आणि 'हिंदी_नॉर्मलायझेशन' हे दोन फिल्टर मात्र उपयोगाचे. पहिला सुट्या मात्रा सांधतो, दुसरा ऱ्हस्व-दीर्घ एक करतो. दुसरा हलन्तही काढून टाकतो, तेव्हा तो सैल कॉलमपुरताच.

सुरक्षेचं दोन ओळींत सांगतो, कारण यावर भरपूर लिहिलेलं आहे. चाळणी म्हणजे कुलूप नव्हे. गिऱ्हाइकाचा मजकूर क्वेरीत चिकटवायचा नाही, पॅरामीटर म्हणूनच द्यायचा. पानावर परत दाखवताना एचटीएमएल एस्केप करायचं. लांबीला शंभरेक चिन्हांची मर्यादा घालायची. आणि एफटीएस५ला शब्द देताना प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात गुंडाळा, नाहीतर कुणी '२/२०' लिहिलं की सरळ सिंटॅक्स एरर येते.

तपासणी

एक साधी फाइल करा, दोन भागांची. पहिल्या भागात जुळायलाच हव्यात अशा जोड्या: साेलापूर आणि सोलापूर, टाॅवेल आणि टॉवेल, कोर्‍या आणि कोऱ्या, '६० बाय ९०' आणि '६०×९०'. दुसऱ्या भागात जुळता कामा नये अशा: सूत आणि सात, कुर्ता आणि करता, रंग आणि रग. चाळणीला हात लावला की ही फाइल पळवायची. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि तोच लोक लिहीत नाहीत.

मग शून्य उत्तर आलेले शोध एका टेबलात साठवा आणि आठवड्यातून एकदा चहा घेत वाचा. फोन नंबर, माणसांची नावं असलं काही लोक त्या चौकटीत टाकतात, तेव्हा सात-आठ आकडे सलग असलेल्या ओळी साठवूच नका आणि महिन्याभरात बाकीच्याही पुसा.

गेल्या आठवड्याच्या यादीत एक ओळ होती: '६०बाय९० जरीकाठ चादर पांढरी नको'. माप सुटलं, जरी वाचली, चादरही ओळखली. 'नको' मात्र माझ्या फालतू शब्दांच्या यादीत होतं, आणि साइटनं त्या माणसाला एकापाठोपाठ एक पांढऱ्या चादरी दाखवल्या असत्या, सुदैवानं त्या मापात शिल्लकच नव्हत्या. 'नको' यादीतून काढलं. आता तो शब्द आला की साइट शोधायच्या भानगडीत न पडता दुकानाचा नंबर दाखवते. मालक फोनवर ते ऐकून घेतात, आणि शेवटी पांढरीच विकतात.